फिजिक्स आणि मशीन लर्निंग जोडून हवामानावर पीएचडी: जोड नेमका कुठे द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा होता: साताऱ्याची मुलगी, एमएस्सी फिजिक्स झालंय, पायथन चांगलं येतं, हवामान अंदाजात फिजिक्स आणि मशीन लर्निंग एकत्र आणून पीएचडी करायची आहे. होणारे गाईड म्हणतायत पिन्न म्हणजे फिजिक्स-इन्फॉर्म्ड न्यूरल नेटवर्क (फिजिक्सचं समीकरण पाळायला शिकवलेलं न्यूरल नेट) वापर, आणि मित्र म्हणतायत गुगलचं मॉडेल दहा दिवसांचा अंदाज मिनिटात देतंय, आता फिजिक्स करून काय मिळणार. मी वीसेक वर्षं पुण्यात मान्सूनच्या मॉडेलवर काम करतोय, शेवटची सात-आठ वर्षं जवळजवळ याच विषयावर, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

आधी मित्रांचं घेऊ, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवं. डीपमाइंडचं ग्राफकास्ट आणि हुआवेचं पांगू-वेदर, दोन्ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, दोन्ही ०.२५ अंशाच्या, म्हणजे साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनांच्या, ग्रिडवर चालतात, आणि वाऱ्यासाठी, तापमानासाठी, ५०० हेक्टोपास्कल दाब ज्या उंचीवर असतो त्या उंचीसाठी जगातल्या सर्वोत्तम फिजिक्स मॉडेलच्या बरोबरीने किंवा पुढे जातात. युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राने तर २५ फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचं एआयएफएस हे मशीन लर्निंगचं मॉडेल रोजच्या कामात घेतलंय, जुन्या मॉडेलच्या शेजारी. हे मी तरुणपणी कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

पण ही मॉडेलं शिकली कशावर ते बघ. ईआरए५ वर. ईआरए५ म्हणजे नुसती निरीक्षणं नाहीत, १९४० पासूनची उपग्रह, बलून, जहाजं, विमानं सगळी निरीक्षणं एका फिजिक्सच्या मॉडेलमध्ये बसवून तयार केलेलं तासातासाचं वातावरण आहे, आणि ते बसवण्याचं काम फोर-डी-व्हार नावाची पद्धत करते जिच्या पोटात तीच समीकरणं आहेत. शिवाय ही मॉडेलं रोज सकाळी अंदाज सुरू करतात तेव्हा सुरुवातीची स्थितीही त्याच पद्धतीने काढलेली घेतात. थेट निरीक्षणांवरून अंदाज देण्याचे प्रयत्न चालू आहेत, २०२५ मध्ये आर्डवार्क नावाचं तसं मॉडेल नेचरमध्ये आलंय, पण आजच्या घडीला फिजिक्स कुठे गेलेलं नाही, ते डेटाच्या आत जाऊन बसलंय. मित्रांना एवढं सांग.

आता नुसत्या डेटावर विसंबण्याचा आपल्याकडचा एक जुना अनुभव आहे तो या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १६ घटकांचं मॉडेल १९८८ पासून मान्सूनचा दीर्घकालीन अंदाज देत होतं, समुद्राचं तापमान, हिमालयातला बर्फ, वेगवेगळ्या ठिकाणचे दाब असे १६ घटक आणि त्यांचं मान्सूनशी असलेलं सांख्यिकी नातं. कितीतरी वर्षं ते चाललं, सलग चाललं. मग २००२ आलं. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के आणि पडला ८१, एकट्या जुलैत देशभरात निम्माच पाऊस. मॉडेल बांधणारे कमी पडले असं अजिबात नाही, त्या काळात हाताशी जे होतं त्यातून त्यांनी मोठं काम उभं केलं. मेख अशी की शिकायला फार तर काही दशकांचे मान्सून, म्हणजे तेवढेच नमुने, आणि जी नाती शिकली तीच काळाबरोबर बदलत जातात. १९९७ ला एवढा प्रचंड एल निनो असून पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला होता, २००२ ला त्याहून सौम्य एल निनो आणि दुष्काळ. आज न्यूरल नेटमध्ये १६ च्या जागी कोट्यवधी घटक आहेत पण मान्सून अजूनही वर्षाला एकच येतो.

मग जोड द्यायचा कुठे? माझं उत्तर एका वाक्यात असं आहे की फिजिक्सचं मॉडेल जिथे अंदाजपंचे चालतं तिथेच शिकणारं यंत्र बसव, जिथे समीकरण पक्कं आहे तिथे हात लावू नकोस. हवेची गती, दाब, वस्तुमान, ऊर्जा यांची समीकरणं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि त्यांच्यात काही चुकीचं नाही. गाडं अडतं ते ग्रिडच्या चौकोनाच्या आत. मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा आणि ढग एक-दोन किलोमीटरचा, मग मॉडेलला तो ढग दिसतच नाही, तेव्हा आपण एक सूत्र लिहितो की एवढी आर्द्रता आणि एवढी अस्थिरता असेल तर एवढा पाऊस, एवढी उष्णता. याला आम्ही पॅरामीटरायझेशन म्हणतो. ढग वर चढताना आजूबाजूची कोरडी हवा किती आत ओढतो हा एक आकडा आहे त्यात, आणि खरं सांगायचं तर तो आकडा वर्षानुवर्षं लोकांनी हाताने हलवून बसवलाय. अशा जागी डेटाकडून शिकणं हे समजण्यासारखं आहे.

तू साताऱ्याची आहेस म्हणून तुला घरचंच उदाहरण देतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पसरणीचा घाट उतरून वाईला आलीस की काही शेकड्यांवर. रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटर. ईआरए५ चा मूळ चौकोन ३१ किलोमीटरचा आहे, म्हणजे हा सगळा फरक एका चौकोनात, फार तर दोन चौकोनांत मावतो आणि त्या चौकोनातला डोंगर सपाट टेकाड होऊन बसतो. त्यात ईआरए५ चा पाऊस हा मोजलेला पाऊस नाहीच, तो मॉडेलने स्वतः पाडलेला पाऊस आहे, आपल्या घाटातल्या पर्जन्यमापकाचा आकडा त्यात जात नाही. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे घाटातल्या पावसाचं न्यूरल नेट घेऊन येतात आणि शिकवलेलं असतं ईआरए५ च्या पावसावर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. वारा, आर्द्रता, तापमान ईआरए५ मधून घे, हरकत नाही, पण पावसाचं उत्तर शिकवायला पर्जन्यमापक, रडार, नाहीतर उपग्रह आणि मापक मिळून केलेला डेटाच हवा.

आता एक प्रसंग जवळून सांगतो कारण तुझ्या पीएचडीतला निम्मा त्रास यातच दडलाय. आमच्या गटात एका विद्यार्थ्याने कन्व्हेक्शनच्या, म्हणजे गरम हवा वर चढून ढग होण्याच्या, सूत्राच्या जागी न्यूरल नेट बसवायचं ठरवलं. आत जाणार एका उभ्या स्तंभातलं तापमान आणि आर्द्रता, बाहेर येणार प्रत्येक पातळीवर हवा किती तापते आणि किती कोरडी होते. स्वतंत्रपणे तपासलं तर निकाल इतका सुंदर की आम्ही सगळे खूश. मग ते मॉडेलमध्ये जोडलं आणि चौथ्या दिवशी मॉडेल फुटलं, म्हणजे आकडे भरकटून बंद पडलं. पुन्हा चालवलं, पुन्हा फुटलं. तीन महिने गेले. शेवटी एकेक इनपुट काढून बघत बसलो तेव्हा कळलं की नेट १२-१५ किलोमीटर उंचीवरची आर्द्रता बघून खाली पाऊस पाडत होतं. डेटात ते नातं खरंच आहे, कारण जोराचा ढग वर बाष्प नेऊन सोडतो, म्हणजे आधी ढग आणि मग वरची आर्द्रता. नेटला कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कळत नाही, त्याने उलटं धरलं. सुटं असताना काही बिघडलं नाही, पण जोडल्यावर पाऊस पाडला की वर आर्द्रता वाढणार, आर्द्रता वाढली की ते अजून पाऊस पाडणार, चक्र सुरू. वरच्या पातळ्यांचे इनपुट काढून टाकले आणि मॉडेल शांत झालं. ब्रेनोविट्झ आणि ब्रेदर्टन या दोघांनी २०१९ मध्ये हेच लिहून ठेवलं होतं, आम्ही ते वाचलंही होतं, पण स्वतःच्या मॉडेलमध्ये दिसेपर्यंत त्याचा अर्थ नीट पोचला नव्हता. हे ढगाचं फिजिक्स ज्याला माहीत आहे त्यालाच सापडतं, फक्त कोड येणाऱ्याला नाही सापडत. तू फिजिक्सची आहेस हा तुझा मोठा फायदा आहे, तो सोडून नुसती नेटची आर्किटेक्चर (रचना) बदलत बसू नकोस.

दुसरी गोष्ट हिशोबाची. दिवसाला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे साधारण २९ वॅट उष्णता हवेत सुटते, बाष्पाचं पाणी होताना. जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात १०० मिलिमीटर ही काही बातमी नसते, आणि ते झाले २,९०० वॅट, वातावरणाच्या माथ्यावर सरळ पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या दुप्पट. आता तुझ्या नेटने पाऊस एक सांगितला आणि तापणं त्याच्याशी न जुळणारं दुसरंच सांगितलं, नुसती १० टक्क्यांची तफावत, तर २९० वॅट कुठून तरी आले किंवा कुठेतरी गेले. मॉडेल हे सहन करत नाही. त्यामुळे पाऊस वेगळा शिकवायचाच नाही, स्तंभातून किती बाष्प कमी झालं त्याची वरपासून खालपर्यंत बेरीज करायची आणि तोच पाऊस. म्हणजे बाष्पाचा हिशोब रचनेतच बसला, आणि उष्णतेचं तसंच करायचं. काही लोक हेच लॉसमध्ये, म्हणजे ट्रेनिंगमध्ये चूक मोजणाऱ्या आकड्यात, दंड लावून करतात, नियम मोडला तर मार्क कापायचे, पण दंड म्हणजे विनंती झाली, नेट ती बहुतेक वेळा ऐकतं आणि नेमक्या अतिवृष्टीच्या दिवशी ऐकत नाही. जो नियम खरंच कधी मोडत नाही तो रचनेत घाल. बारीक ग्रिडवर पाऊस उतरवतानाही तेच, २५ किलोमीटरच्या चौकोनातला पाऊस पाच बाय पाच छोट्या चौकोनांत वाटायचा असेल तर नेटला फक्त वाटा ठरवू दे, पंचवीस वाट्यांची बेरीज एक असली पाहिजे हे शेवटच्या थरातच पक्कं कर.

यावरून गाईडच्या सूचनेकडे येतो. पिन्नचं तंत्र चांगलं आहे, २०१९ च्या रायसी, पर्डिकॅरिस आणि कार्नियाडॅकिस यांच्या पेपरपासून ते खूप पसरलं, पण ते मुळात एका समीकरणाचं एका ठराविक सुरुवातीच्या स्थितीसाठी उत्तर शोधतं. सुरुवात बदलली की बहुतेक वेळा पुन्हा ट्रेनिंग. हवामानात सुरुवात दर सहा तासांनी बदलते आणि समीकरण सोडवायला आपल्याकडे आधीच चांगले, वेगवान मार्ग आहेत, मग अख्ख्या वातावरणावर पिन्न चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. छोट्या उलट्या प्रश्नांना ते शोभतं, म्हणजे समजा एका टॉवरवरच्या वाऱ्याच्या आणि तापमानाच्या नोंदींवरून जमिनीलगतच्या थरातलं मिसळण्याचं प्रमाण काढायचंय, तिथे जरूर वापर. गाईडना थेट नाही म्हणू नकोस, असा एखादा छोटा प्रश्न पहिल्या सहा महिन्यांत करून दाखव, मर्यादा त्यांच्याही डोळ्यांसमोर येतील.

जोड म्हणून मला स्वतःला जे पटतं ते गुगलच्या न्यूरलजीसीएम या मॉडेलचं, जुलै २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेलं. त्यात हवेच्या गतीची समीकरणं जशीच्या तशी ठेवलीत आणि चौकोनाच्या आतल्या सगळ्या गोष्टी न्यूरल नेट बघतं, पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समीकरण सोडवणारा भागही जॅक्स या गुगलच्या प्रोग्रामिंग लायब्ररीत लिहिलाय, त्यामुळे चूक उलट दिशेने त्या समीकरणांमधूनही मागे वाहत येते. ट्रेनिंग एका पावलावर थांबत नाही, आधी सहा तास, मग हळूहळू वाढवत पाच दिवसांपर्यंत चालवून मग चूक मोजायची. म्हणजे वर सांगितलेलं ते चक्र, पाऊस आणि वरची आर्द्रता, ते ट्रेनिंगमध्येच उघडं पडतं आणि नेटला त्याची किंमत मोजावी लागते. फोर-डी-व्हारवाले लोक ॲडजॉइंट म्हणून हेच गणित कितीतरी वर्षं करत आलेत, ते शिकून घे, दोन्हीकडची भाषा येणारी माणसं आपल्याकडे फार कमी आहेत. आणि याचा उपयोग कुणाला होतो असं घरी कुणी विचारलं तर सांग की २०२५ च्या खरिपाआधी कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सून कधी पोचेल याचे मेसेज पाठवले, त्यातल्या अंदाजात न्यूरलजीसीएम, एआयएफएस आणि हवामान खात्याचा सव्वाशे वर्षांचा पावसाचा डेटा एकत्र केलेला होता. त्या वर्षी मान्सून लवकर येऊन मध्येच वीसेक दिवस रखडला, तो थांबाही त्या अंदाजात दिसला होता. पेरणी करायची की थांबायचं, दुबार पेरणीचा खर्च वाचणार की नाही, एवढं मोठं आहे ते.

आता तपासणी. आरएमएसईवर, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळावर, विसंबू नकोस, आणि का ते आकड्यातच बघ. लोणावळा आणि कर्जत असे दोन चौकोन धर, १०० मिलिमीटर पाऊस दोनपैकी एकाच ठिकाणी पडणार हे नक्की पण कुठे ते निम्मं-निम्मं. मॉडेलने धीर करून एक ठिकाण सांगितलं तर निम्म्या वेळा चूक शून्य, निम्म्या वेळा १०० चा वर्ग, सरासरी ५,०००. आणि दोन्हीकडे ५०-५० सांगितलं तर दर वेळी ५० चा वर्ग, २,५००. म्हणजे जो पाऊस कधीच पडत नाही तो सांगणाऱ्याला वर्गाच्या हिशोबात निम्मी चूक! नेट हे पटकन शिकतं, म्हणून लांबच्या दिवसांचा अंदाज पुसट होत जातो आणि अतिवृष्टी गायब होते. त्यामुळे फ्रॅक्शन्स स्किल स्कोअर बघ (नेमक्या चौकोनाऐवजी आसपासच्या भागात पाऊस किती जुळला ते तो मोजतो), स्पेक्ट्रम काढून बघ की छोट्या आकाराच्या लहरींमधली ऊर्जा शिल्लक आहे का, आणि जमलं तर एकच उत्तर न देता अनेक शक्यता देणारं मॉडेल कर, डीपमाइंडच्या जेनकास्टने डिसेंबर २०२४ मध्ये दाखवलेला रस्ता. ट्रेनिंग आणि टेस्टचे दिवस सरमिसळ करून कधीच वाटू नकोस, आजचा दिवस उद्यासारखाच असतो, नेट पाठ करून पास होतं. अख्खी वर्षं वेगळी ठेव, आणि टेस्टच्या वर्षांत एक तरी दुष्काळाचं असू दे.

डेटाची एक बारीक गोष्ट, पण हिने लोकांचे महिने खाल्लेत. हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो आणि ज्या दिवशी सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस, सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर, नोंदीत २७ जुलैच्या सकाळी आहे. ईआरए५ चालतं यूटीसीवर, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेवर, आणि आपले साडेआठ म्हणजे तिथले ३ वाजलेले. तासाचा पाऊस आधीच्या तासातला असतो, तोही मीटरमध्ये, म्हणून आदल्या दिवशीच्या ४ यूटीसीपासून त्या दिवशीच्या ३ यूटीसीपर्यंत चोवीस आकड्यांची बेरीज करायची आणि हजाराने गुणायचं. हे न जुळवता ट्रेनिंग केलं की नेट काहीतरी अर्धवट शिकतं, नकाशे चांगलेच दिसतात, आणि मग सगळे आर्किटेक्चरला दोष देत बसतात. आणि ग्रिडच्या फाईलमध्ये समुद्रावर, सीमेबाहेर उणे ९९९ भरलेलं असतं, ते आधी काढ.

कॉम्प्युटरची काळजी फार करू नकोस. जागतिक मॉडेल शून्यातून शिकवायच्या शर्यतीत उतरायचंच नाही, ती मोठ्या कंपन्यांना करू दे. ग्राफकास्ट, न्यूरलजीसीएम, एआयएफएस यांचे शिकलेले आकडे खुले मिळतात, ते घे आणि पश्चिम घाटावर कुठे चुकतात ते शोध, एका चांगल्या जीपीयूवर खूप काही होतं. विषय म्हणून मी तुझ्या जागी असतो तर ६ किलोमीटरचा प्रश्न घेतला असता. मे २०२५ मध्ये सुरू झालेलं आपलं भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरवर चालतं, आणि हा आकार असा अडनिडा आहे की मोठा ढग मॉडेलला अर्धवट दिसतो, अर्धवट नाही, मग सूत्राने किती पाऊस पाडायचा आणि मॉडेलने स्वतः किती हे कुणालाच पक्कं ठरवता आलेलं नाही. हे प्रमाण निरीक्षणांवरून शिकणं, ऊर्जेचा आणि बाष्पाचा हिशोब सांभाळून, यात एक सोडून दोन पीएचडी आहेत. आणि निरीक्षणं तुझ्या जिल्ह्यातच आहेत, महाबळेश्वरला आयआयटीएमची (पुण्यातली उष्णदेशीय हवामान संस्था) ढगांची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, मांढरदेवला एक्स-बँड रडार आहे.

प्रवेशाचं थोडक्यात: नेट-जेआरएफ किंवा गेट हातात असू दे, पुण्यात आयआयटीएम आणि विद्यापीठाचा वातावरण विज्ञान विभाग, बाहेर आयआयएस्सी, मुंबई, दिल्ली आणि खरगपूरच्या आयआयटी, सगळीकडे या विषयावर माणसं आहेत. गाईड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, पेपरची संख्या बघण्यापेक्षा ते जास्त कामाचं.

प्रवेश होईपर्यंत एक कर. २७ जुलै २००५ ची हवामान खात्याची ०.२५ अंशाची फाईल उघड, मुंबईच्या चौकोनात काय आकडा आहे तो बघ, शेजारी त्याच चोवीस तासांचा ईआरए५ चा पाऊस काढ. सांताक्रूझ ९४४, वीस-पंचवीस किलोमीटरवर कुलाबा ७४ च्या आत, आणि त्या ग्रिडवर दोन्ही ठिकाणं जवळजवळ एकाच चौकोनात येतात. मग कागदावर लिही की त्या चौकोनासाठी बरोबर उत्तर नेमकं कुठलं आणि तुझ्या नेटला तू ते कसं सांगशील. पानभर लिहून झालं की इथेच टाक, मी वाचतो आणि पुढे बोलू.